बुरशीला उपाशी ठेवताना

एक सेंटिमीटर रुंद, सहा सेंटिमीटर लांब. व्हॉटमन नंबर १ फिल्टर पेपरची एवढीशी पट्टी, वजन ५० मिलिग्रॅम. गेली बत्तीस वर्षं मी या पट्ट्या कापते आहे. पट्टी गुंडाळून टेस्टट्यूबमध्ये सोडायची, वर १ मिली सायट्रेट बफर, सामू ४.८, आणि अर्धा मिली एन्झाइम. मग ५० अंश सेल्सिअसच्या वॉटर बाथमध्ये बरोबर एक तास. तासानंतर पट्टी बाहेरून जवळजवळ तशीच दिसते. कडा जरा मऊ पडल्यासारख्या वाटतात, तेवढंच. पण डीएनएस, म्हणजे साखर असली की रंग बदलणारं द्रावण, घालून ट्यूब पाच मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवली की पिवळं द्रावण आधी नारिंगी आणि मग विटकरी होत जातं. कागदातून साखर सुटली आहे, हे त्या रंगावरून कळतं.

पहिल्यांदा तो रंग चढताना पाहिला तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. कागद म्हणजे सेल्युलोज आणि सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजची लांबच लांब साखळी, हे मला पाठ होतं. पण पाठ असणं वेगळं आणि डोळ्यांदेखत तो रंग उतरणं वेगळं. एका बुरशीच्या गाळलेल्या पाण्यानं कागदाची साखर केली होती. त्या दिवसापासून मी बुरशीची झाले.

हे सगळं आत्ता लिहायला बसले त्याचं कारण गेल्या महिन्यातली एक दुपार. लॅबमध्ये नवीन आलेली एक विद्यार्थिनी धावतच माझ्या खोलीत आली. "मॅडम, ॲक्टिव्हिटी खूप आलीय. रीडिंग स्केलच्या बाहेर जातंय!" ॲक्टिव्हिटी म्हणजे एन्झाइम किती काम करतं त्याचं माप.

मी विचारलं, "एन्झाइमचा ब्लँक लावलास का?"

लावला नव्हता. ब्लँक म्हणजे सगळं तेच, फक्त कागदाची पट्टी नाही. दोघींनी मिळून तो लावला. दोन्ही ट्यूब सारख्याच विटकरी झाल्या. वजाबाकी शून्य. तिनं बुरशी वाढवायच्या माध्यमात २ टक्के ग्लुकोज घातलं होतं आणि दुसऱ्याच दिवशी नमुना काढला होता. बुरशीनं अजून न खाल्लेलं ग्लुकोजच रंग देत होतं. एन्झाइम जवळजवळ नव्हतंच.

तिचा चेहरा पडला. मग तिनं फ्लास्क उचलून माझ्यासमोर धरला. "पण मॅडम, वाढ बघा ना किती छान आहे." खरंच छान होती. पांढराशुभ्र, दाट तंतूंचा लगदा. मी तिला म्हटलं, "म्हणूनच एन्झाइम नाही." तिला ते पटेना. मला ते समजायला जितकी वर्षं लागली तितकी तिला लागू नयेत, म्हणून लिहिते आहे.

बुरशीला तोंड नाही, पोट नाही. अन्न आत घेऊन पचवणं तिला जमत नाही. ती आधी बाहेर पचवते आणि मग शोषून घेते. तंतूचं वाढतं टोक पुढे सरकत असतं आणि त्याच टोकातून एन्झाइम बाहेर सोडली जातात. बाहेरच्या लाकडाचे, पाचोळ्याचे, कापसाचे तुकडे झाले की छोटे रेणू आत येतात. पण एन्झाइम म्हणजे प्रथिनं, आणि प्रथिनं बनवणं हे बुरशीच्या दृष्टीनं मोठ्या खर्चाचं काम. अमिनो आम्लं जोडा, घडी घाला, साखरेच्या साखळ्या चिकटवा, पिशव्यांत भरा, टोकापर्यंत वाहून न्या आणि बाहेर टाकून द्या. बाहेर गेलेलं एन्झाइम परत येत नाही. त्यानं फोडलेली साखर शेजारचा जीवाणूसुद्धा पळवू शकतो. दारात आयतं ग्लुकोज असताना हा खर्च कोण करील?

पेशीत यासाठी चोख व्यवस्था आहे. ट्रायकोडर्मा रीसाय या बुरशीत सीआरई-१ नावाचं एक नियामक प्रथिन आहे. ग्लुकोज भरपूर असलं की ते सेल्युलेजच्या, म्हणजे सेल्युलोज फोडणाऱ्या एन्झाइमच्या, जनुकांना गप्प बसवतं. ग्लुकोज संपलं की पकड सुटते. पण पकड सुटणं पुरेसं नाही, समोर सेल्युलोज आहे ही बातमीही आत पोचावी लागते. सेल्युलोज तर पाण्यात विरघळत नाही, आत जात नाही. मग बातमी पोचते कशी? बुरशी उपाशी असताना अगदी थोडी एन्झाइम बाहेर सोडतच राहते, चाचपणी केल्यासारखी. त्यांना काही मिळालं तर छोटे शर्करा-रेणू परत येतात. त्यांतला सोफोरोज, म्हणजे दोन ग्लुकोज जरा निराळ्या कोनात जोडलेले, हा ट्रायकोडर्मासाठी फार प्रभावी इशारा आहे. तो मिळाला की जनुकं भराभर चालू होतात.

थोडक्यात, बुरशीला पोटभर दिलं तर ती वाढते आणि एन्झाइम देत नाही. अगदीच काही दिलं नाही तर ती मरते. मधली जागा अरुंद आहे. माझी सगळी कारकीर्द त्या अरुंद जागेत गेली.

ट्रायकोडर्माचीच गोष्ट घ्या. दुसऱ्या महायुद्धात दक्षिण पॅसिफिकमधल्या बेटांवर अमेरिकन सैन्याचे तंबू, पट्टे, कापडी सामान कुजून जात होतं. का कुजतंय ते शोधायला नमुने गोळा झाले. बोगनव्हिल बेटावरच्या सुती कॅनव्हासवरून एक हिरवट बुरशी वेगळी केली गेली आणि तिला क्यूएम-६ए असा क्रमांक मिळाला. क्यूएम म्हणजे क्वार्टरमास्टर, सैन्याचं सामानसुमान बघणारा विभाग. नंतर नॅटिक इथल्या लष्करी प्रयोगशाळेत एल्विन रीस आणि मेरी मँडेल्स यांनी तिच्यावर वर्षानुवर्षं काम केलं. कापड कसं वाचवायचं या प्रश्नातून ते कापडाची साखर कशी करायची या प्रश्नापर्यंत येऊन पोचले. आधी या बुरशीला ट्रायकोडर्मा विरिडी समजत. १९७७ मध्ये ती वेगळी प्रजाती ठरली आणि रीस यांच्या नावावरून तिचं नाव रीसाय ठेवलं गेलं. पुढे अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात अतिनील किरणं आणि रसायनं वापरून तिच्यात उत्परिवर्तनं घडवली, आणि रट-सी३० नावाचा प्रसिद्ध स्ट्रेन, म्हणजे वाण, निघाला. त्यात सीआरई-१चं जनुक अर्धवट तुटलेलं आहे, हे बऱ्याच वर्षांनी कळलं. म्हणजे शास्त्रज्ञांनी आंधळेपणानं निवड करत करत नेमका तो गप्प बसवणारा पहारेकरीच काढून टाकला होता. आज उद्योगात वापरले जाणारे ट्रायकोडर्मा रीसायचे स्ट्रेन एका कुजक्या कॅनव्हासवरच्या त्या एका वसाहतीचे वंशज आहेत. हे मी दरवर्षी पहिल्या तासाला सांगते आणि दरवर्षी सांगताना मलाच थक्क व्हायला होतं.

आणखी एक गंमत २००८ मध्ये कळली. या बुरशीचा जीनोम प्रसिद्ध झाला तेव्हा आम्हा सगळ्यांना वाटलं होतं की इतकं सेल्युलेज देणाऱ्या बुरशीत सेल्युलेजच्या जनुकांची रेलचेल असणार. उलटच निघालं. वनस्पतींच्या पेशीभित्ती फोडणाऱ्या इतर बुरशींच्या मानानं तिच्याकडे ही जनुकं कमीच आहेत. तिची ताकद यादीच्या लांबीत नाही, आहे ते अफाट प्रमाणात बनवून बाहेर टाकण्यात आहे.

माझी पीएच.डी. मात्र ट्रायकोडर्मावर नव्हती, उष्णताप्रेमी बुरशींवर होती. कुजत असलेल्या पालापाचोळ्याच्या ढिगात हात घातला तर आत चटका बसतो. तिथं तापमान ५० अंशांच्या वर सहज जातं, आणि तिथंही बुरशी वाढतात. फार थोड्या, पण वाढतात. साठीच्या आसपास त्यांचीही मर्यादा येते. थर्मोमायसिस लॅन्युजिनोसस ही त्यांतली माझी लाडकी. ती झायलनेज देते, म्हणजे झायलन ही लाकडातली दुसरी शर्करा-साखळी फोडणारं एन्झाइम, आणि सेल्युलेज देत नाही. कागदाच्या लगद्यासाठी नेमकं हेच हवं असतं. झायलन काढलं की लगदा पांढरा करायला क्लोरीनयुक्त रसायनं कमी लागतात, आणि सेल्युलेज नसल्यामुळे कागदाचे धागे शाबूत राहतात.

मी १४० बुरशी वेगळ्या केल्या. प्रत्येकीची झायलन घातलेल्या अगारच्या जेलीवर प्लेट, वाढ झाल्यावर काँगो रेड हा रंग ओतायचा, पंधरा मिनिटांनी मिठाच्या पाण्यानं धुवायचं. जिथं झायलन शाबूत तिथं लाल, जिथं एन्झाइमनं खाल्लं तिथं वसाहतीभोवती फिकट वलय. रात्री उशिरा ट्यूबलाइटसमोर एकेक प्लेट धरून पट्टीनं वलयं मोजायची. १४० मधल्या नऊ कामाच्या निघाल्या आणि नऊमधली एक खरंच चांगली.

त्या एकीनं मला जे शिकवलं ते कुठल्या पुस्तकात तेव्हा मला सापडलं नव्हतं.

तिसऱ्या वर्षी तिची ॲक्टिव्हिटी उतरायला लागली. एकदम नाही, महिन्यागणिक थोडी थोडी. आधी मी पेप्टोनचा नवीन डबा बदलला. मग डिस्टिल्ड वॉटर दुसऱ्या मजल्यावरून आणून पाहिलं. सामू-मापकाचा इलेक्ट्रोड बदलला, डीएनएस ताजं केलं, शेकरचे फेरे स्टॉपवॉच लावून मोजले. चार महिने पाणी कुठं मुरतंय ते कळेना. आधीच्या दीड वर्षाचे आकडे खोटे ठरतील की काय, या विचारानं झोप लागत नव्हती.

एका सकाळी सरांनी माझ्या टेबलावरची प्लेट उचलली आणि खिडकीपाशी नेली. बराच वेळ बघत राहिले. मग मला बोलावून बोटानं दाखवलं. राखाडी-तपकिरी वसाहतीत मध्यापासून कडेपर्यंत एक पाचर होती, पिझ्झ्याच्या तुकड्यासारखी नव्हे, अगदी बारीक, दिसेल न दिसेल अशी. तिथं वाढ जास्त पांढरी, जास्त कापसासारखी. बाकीच्या वसाहतीच्या थोडी पुढे गेलेली.

"तू पुढच्या स्लँटसाठी कुठून घेतेस?" सरांनी विचारलं. स्लँट म्हणजे बुरशी जपायची, तिरक्या अगारची ट्यूब.

"कडेवरून, सर. जिथं ताजी वाढ असते तिथून."

"मग तू दर वेळी हिलाच निवडतेस."

तेवढ्यानं सगळं उलगडलं. पोषक अगारवर एन्झाइम बनवायची काहीच गरज नसते. जिच्यात बिघाड होऊन एन्झाइमचा खर्च वाचला, ती पाचर जोरात पुढे पळते. आणि मी, चांगली टवटवीत वाढ म्हणून, दर पंधरा दिवसांनी तिथूनच सुईनं टोचून पुढे नेत होते. सतत भरल्या ताटावर ठेवून मीच तिची कष्टाची सवय मोडली होती.

सरांकडे पहिल्या वर्षीची एक गोठवून वाळवलेली ॲम्प्यूल होती. त्यांनी ती मला न सांगता करून ठेवली होती. मी ती फोडली तो दिवस अजून लख्ख आठवतो. कानशीनं काचेवर ओरखडा, स्पिरिटचा कापूस, अंगठ्यांनी हलकेच दाब, आणि एक छोटासा टक्क आवाज. आत तळाला पांढऱ्या भुकटीचा कण. त्यावर निर्जंतुक पाण्याचे चार थेंब. तीन दिवस प्लेटवर काही नव्हतं. चौथ्या दिवशी एक ठिपका आला. त्या ठिपक्यातून एकेका बीजाणूची वेगळी वाढ करून वीस वसाहती तपासल्या. ॲक्टिव्हिटी परत आली होती. मी लॅबच्या मागच्या जिन्यात बसून रडले.

तेव्हापासून माझ्या हाताखाली काम करणाऱ्या प्रत्येकाला पहिला आठवडा प्रयोग नाही, फक्त जपणूक. एक मूळ साठा, त्याला कोणी हात लावायचा नाही. त्यापासून कामाचा साठा, उणे ८० अंशांवर ग्लिसरॉलमध्ये. दर प्रयोग कामाच्या साठ्यापासून नव्यानं सुरू. प्लेटवरून प्लेटवर, स्लँटवरून स्लँटवर वर्षभर चालवायचं नाही. काहींना यात वेळ वाया जातो असं वाटतं. माझ्या मते या क्षेत्रातली निम्मी न जुळणारी निरीक्षणं या एका कारणानं न जुळणारी असतात.

पीएच.डी.नंतर नऊ वर्षं मी एका एन्झाइम कंपनीत होते. त्या वर्षांबद्दल विद्यापीठातले सहकारी कधी फारसं विचारत नाहीत, पण माझं बुरशीचं खरं शिक्षण तिथं झालं. फ्लास्कमध्ये १०० मिली असतं आणि शेकरवर हवा आपोआप मिसळते. टाकीत हजारो लिटर असतं आणि हवा हाच मोठा प्रश्न होतो. खोलीच्या तापमानाला एक लिटर पाण्यात जेमतेम ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. बुरशी तो काही क्षणांत संपवते. त्यात तंतू वाढले की द्रव खिरीसारखा दाट होतो, बुडबुडे वरून निसटून जातात आणि मधल्या भागात बुरशी गुदमरते. पंखा जोरात फिरवावा तर तंतू तुटतात. फेस आला तर तो वरच्या फिल्टरमध्ये शिरतो आणि अख्खी टाकी धोक्यात येते. फेस मारायचं तेल टाकावं तर ऑक्सिजनचं विरघळणं आणखी मंदावतं. एक आवरावं तर दुसरं सुटतं.

तिथं एक ऑपरेटर काका होते. शिक्षण फार नव्हतं, पण टाकीच्या मोटरचा आवाज ऐकून द्रव किती दाट झालाय ते सांगायचे. मी आधी ते फारसं मनावर घेतलं नाही. मग दोन महिने रोज त्यांचा अंदाज वहीत लिहून वजनाशी ताडून पाहिला, आणि त्यानंतर कधी शंका घेतली नाही.

टाकीत भूक सांभाळायची पद्धत अशी असते. सुरुवातीला थोडी साखर देऊन बुरशी वाढू द्यायची. ती साखर संपली की ग्लुकोज-लॅक्टोजचं सिरप थेंबाथेंबानं सोडायचं, बुरशी जेवढं खाईल तेवढंच. टाकीत साखर साठलेली कधी दिसता कामा नये. याचा अंदाज विरघळलेल्या ऑक्सिजनच्या रेषेवरून येतो. साखर संपली की बुरशीचा श्वास मंदावतो, ऑक्सिजन वापरला जात नाही आणि रेषा झटकन वर उडी मारते. ती उडी म्हणजे भूक. पंप पुन्हा चालू केला की रेषा खाली येते. तासन्‌तास ती रेषा बघत बसले की माणसाला झोपलेल्या बाळाचा श्वास ऐकल्यासारखं होतं.

एका रात्रपाळीत रेषा उडी मारेचना. खालीच सपाट. मला वाटलं, छान चाललंय, वाढ जोमात आहे. पहाटे तीनला काका म्हणाले, "बाई, ही जास्त जेवलीय." मी नमुना काढला. साखर लिटरला १२ ग्रॅम साठलेली. आदल्या दिवशी पंपाची नळी बदलली होती, आतला व्यास थोडा मोठा होता आणि प्रवाह पुन्हा मोजून घ्यायचं काम माझं होतं. ते राहिलं होतं. सिरप बंद केलं आणि वाट बघत बसलो. दुसरं करण्यासारखं काहीच नव्हतं. सकाळी साडेनऊला रेषा वर उडाली तेव्हा काकांनी नुसती मान हलवली आणि घरी गेले. त्या बॅचचं एन्झाइम नेहमीच्या दोन-तृतीयांश आलं. एका रात्रीची मेजवानी बुरशी पुढचे दोन दिवस विसरली नव्हती.

आज उद्योगातले चांगले स्ट्रेन लिटरला १०० ग्रॅमपेक्षा जास्त प्रथिन बाहेर टाकतात. हा आकडा मी विद्यार्थ्यांना दोनदा वाचायला लावते. आणि त्यातला निम्म्याहून अधिक भाग सेल्लोबायोहायड्रोलेज-१ या एकाच एन्झाइमचा असू शकतो. त्याची रचना १९९४ मध्ये उलगडली. रेणूतून आरपार एक बोगदा आहे, साधारण ५ नॅनोमीटर लांब. सेल्युलोजच्या साखळीचं एक टोक त्यात शिरतं आणि एन्झाइम साखळीवरून पुढे सरकत दर पावलाला दोन-दोन ग्लुकोजचा तुकडा तोडत जातं. २०११ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी अतिवेगवान सूक्ष्मदर्शक वापरून हे चालणारे रेणू प्रत्यक्ष दाखवले. एकामागोमाग एक चालताना पुढचा अडला की मागचे सगळे खोळंबतात, हेही दिसलं. ती चित्रफीत मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा वीस वर्षांच्या सगळ्या वक्ररेषा माझ्या डोळ्यांसमोर आल्या. पहिल्या तासात भराभर साखर आणि मग वेग मंद का होतो, याचं एक उत्तर तिथं चालत होतं, अडत होतं.

आता एक गोष्ट, जी मला अजूनही बोचते.

कंपनीत असतानाच मी ट्रायकोडर्माच्या एन्झाइमचं मिश्रण कॉलमवरून वेगळं करत होते. सातव्या क्रमांकाच्या अंशात, म्हणजे कॉलममधून उतरलेल्या सातव्या ट्यूबमध्ये, प्रथिन होतं, पण काम काहीच नव्हतं. कागदावर नाही, सीएमसी या विरघळणाऱ्या सेल्युलोजवर नाही. तरी सवय म्हणून मी तो बाकीच्या अंशांत मिसळून पाहिला. शुद्ध सेल्युलोजवर फरक पडला नाही. पण वाफेनं फोडलेल्या पेंढ्यावर साखर वीस टक्के जास्त आली. मी दोनदा केलं, दोन्ही वेळा तेच. वहीत लिहिलं, "अंश ७, पेंढ्यावरच फरक, पुन्हा करून पाहणे." मग दुसरं काम आलं. फ्रीज भरला तेव्हा तो अंश ओतून टाकला.

२०१० मध्ये नॉर्वेच्या गटाचा शोध प्रसिद्ध झाला. बहुशर्करांच्या साखळ्या पाण्यानं नाही, तर ऑक्सिजन वापरून मधूनच तोडणारी एन्झाइम असतात. पुढच्याच वर्षी त्यांच्या गाभ्यात तांबं असतं हे कळलं. आज आम्ही त्यांना एलपीएमओ म्हणतो. बुरशींमधली ही एन्झाइम कित्येक वर्षं जीएच-६१ या नावानं चुकीच्या कुळात नोंदलेली होती, कारण त्यांचं स्वतःचं काम कोणाला नीट दिसत नव्हतं. त्यांना काम करायला बाहेरून इलेक्ट्रॉन देणारं काहीतरी लागतं. पेंढ्यात लिग्निन, म्हणजे वनस्पतीला कडकपणा देणारा पदार्थ, असतं, ते हे काम करू शकतं. शुद्ध सेल्युलोजमध्ये तसलं काही नसतं. म्हणून पेंढ्यावर फरक, कागदावर नाही.

मी तो लेख वाचून कपाटातून जुनी वही काढली. ते वाक्य तिथं होतं, माझ्या अक्षरात. माझ्या हातात तेच होतं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, कारण तो अंशच उरलेला नाही. पण दोनदा आलेला आकडा मी सोडून दिला, ही गोष्ट खरी आहे. म्हणून आता आमच्या लॅबमध्ये "काम नाही" असा शिक्का मारलेले अंशही उणे ८०मध्ये राहतात. वेगळा रॅक आहे. त्यावर मी "अंश ७" अशीच चिठ्ठी लावली आहे.

कंपनी सोडून मी शिकवायला आले. पेंढ्यापासून इथेनॉल बनवण्याचे मोठे कारखाने २०१४ च्या आसपास जगात अनेक ठिकाणी सुरू झाले आणि त्यांतले बरेच काही वर्षांत बंदही पडले. तेव्हा मला पुष्कळांनी विचारलं, एवढी वर्षं घालवलीस त्याचं काय? मला तो प्रश्न कळतच नाही. कपडे धुण्याच्या पावडरीत बुरशीचं सेल्युलेज आहे, लायपेज आहे. जीन्सला जुनेपणा आणायला दगडांऐवजी सेल्युलेज वापरतात. फळांचा रस नितळ होतो तो बुरशीच्या पेक्टिनेजनं. कोंबड्यांच्या खाद्यात फायटेज असतं, त्यामुळे धान्यातलं फॉस्फरस त्यांच्या अंगी लागतं आणि विष्ठेवाटे मातीत-पाण्यात कमी जातं. १८९४ मध्ये जोकिची ताकामिने यांनी कोंड्यावर वाढवलेल्या ॲस्परजिलस बुरशीच्या डायास्टेजचं, म्हणजे स्टार्च फोडणाऱ्या एन्झाइमचं, पेटंट घेतलं तेव्हापासून हे काम थांबलेलं नाही. कारखाने बंद पडले ते पेंढा गोळा करणं, साठवणं, त्यातली माती-वाळू यंत्रात जाणं, तेलाच्या किमती, अशा बऱ्याच कारणांनी. बुरशीनं तिचं काम केलं होतं.

असो. त्या विद्यार्थिनीकडे येते.

तिला मी ग्लुकोजऐवजी बारीक सेल्युलोजची भुकटी घालून माध्यम करायला सांगितलं. फ्लास्क दुधासारखा पांढरा दिसत होता. पहिले दोन दिवस ती फार नाराज होती. वाढ दिसतच नव्हती. तंतू आहेत की भुकटी तेही कळेना. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "मॅडम, थोडं ग्लुकोज घालू का? मरेल असं वाटतंय." मी तिला मायक्रोस्कोपखाली एक थेंब बघायला सांगितलं. ती बराच वेळ आयपीसला डोळा लावून बसली. मग म्हणाली, "कणांना चिकटलीय. मिठी मारल्यासारखी."

सहाव्या दिवशी दुधाळपणा गेला होता. द्रव पिवळसर, जवळजवळ पारदर्शक, तळाशी थोडासा गाळ. तिनं गाळून घेतलं, पट्ट्या कापल्या, एकीचं वजन ५३ मिलिग्रॅम आलं म्हणून ती कडेनं कातरून पुन्हा तोलली. ब्लँक न सांगता लावला. तासानंतर डीएनएस घालून आम्ही दोघी उकळत्या बाथपाशी उभ्या राहिलो. ब्लँकची ट्यूब पिवळीच राहिली. शेजारची आधी नारिंगी झाली, मग विटकरी, मग इतकी गडद की रीडिंग पुन्हा स्केलच्या बाहेर.

ती काहीच बोलली नाही. स्टँड बाजूला ठेवला, सायट्रेट बफरची बाटली जवळ ओढली आणि एन्झाइमची डायल्युशन करायला घेतली. सुटलेल्या साखरेच्या २ मिलिग्रॅमच्या दोन्ही बाजूंना एकेक रीडिंग लागतं.